मदत हवी आहे: मणके ३३, मग नसांच्या जोड्या ३१च कशा?

नीलपंख: उद्या सकाळी लागणार आहे, म्हणून घाईत विचारतोय. आकडे जुळत नाहीत. मानेत मणके ७, नसांच्या जोड्या ८. एकूण मणके ३३, जोड्या ३१. आणि कमरेपाशी तर सगळंच घसरतंय, नावं द्यायला जागाच सापडत नाही. 'पाठ करून टाका' असं कृपया सांगू नका, मला समजून घ्यायचं आहे.

शरीरवेडी: नावं कशावर देताय? आकृती की मॉडेल? लहान मुलाची की मोठ्या माणसाची? मज्जारज्जू कुठपर्यंत दाखवलाय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, तर 'घसरतंय' म्हणजे काय ते कसं कळणार?

स्वस्थचित्त: आकड्यांत अडकू नका. शरीराची खरी किल्ली व्हेगस नसेत आहे. रोज संथ श्वास घ्या, उच्छ्वास लांबवा, मन शांत होतं. मला स्वतःला फार फायदा झाला.

शरीरवेडी: झाला असेल, पण इथे ते विचारलेलं नाही. व्हेगस थेट मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी दहावी. ती मानेतून छाती-पोटाकडे उतरते, मणक्यांच्या फटीतून बाहेर पडत नाही. ३१च्या हिशेबात ती नाहीच.

तळमजला: आधी पाया पक्का करा. मज्जासंस्थेचे भाग तीन: मध्यवर्ती, परिघीय आणि स्वायत्त, म्हणजे हृदय-आतड्यांची कामं आपोआप चालवणारी. तुमच्या ३१ जोड्या परिघीय भागातल्या.

शरीरवेडी: भाग दोनच. मेंदू आणि मज्जारज्जू मध्यवर्ती, त्यांच्याबाहेरच्या नसा आणि चेतापेशींचे गुच्छ परिघीय. स्वायत्त हे नाव कामावरून दिलेलं आहे, जागेवरून नाही. तिचे अनुकंपी तंतू, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारे, छातीच्या पहिल्यापासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंत याच ३१ जोड्यांतल्या नसांबरोबर बाहेर पडतात.

तळमजला: आणि त्यांना हुकूम देणारी केंद्रं? ती तर मेंदूत. म्हणजे स्वायत्त संस्था तुमच्या दोन्ही खणांत अर्धी अर्धी पडते. म्हणूनच शाळेत तिला वेगळी शिकवतात, आणि ते योग्यच आहे.

नीलपंख: भाग किती ते मी विचारलेलं नाही! आकृती आहे, मोठ्या माणसाची, मागून दिसणारी. मज्जारज्जू माकडहाडापर्यंत, प्रत्येक नस आपापल्या मणक्यासमोर आडवी. अजून काय सांगू?

विच्छेदनकक्ष: आता कळलं. आधी मान. पहिली जोडी कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधून निघते. म्हणजे मानेत प्रत्येक नस आपल्या मणक्याच्या वरून बाहेर येते. सातव्या मणक्याच्या खाली, छातीचा पहिला मणका सुरू होण्याआधी एक फट उरते. तिथली नस आठवी. तिथून पुढे नस आपल्या मणक्याच्या खालून. छातीत १२, कमरेत ५, त्रिकास्थीत (कमरेखालच्या त्रिकोणी हाडात) ५, मणके आणि जोड्या सारख्याच. माकडहाडाचे मणके साधारण ४, पण जोडी एकच. ३३ अधिक १, वजा ३: ३१.

आता कमर. मोठ्या माणसात मज्जारज्जू माकडहाडापर्यंत पोचतच नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. गर्भात तिसऱ्या महिन्यात तो मणक्यांच्या पूर्ण नळीभर असतो, पुढे पाठीचा कणा त्याच्यापेक्षा वेगाने वाढतो. नसांना मात्र आपापल्या फटीतूनच बाहेर पडायचं असतं, म्हणून खालच्या नसा लांबत जातात आणि घोड्याच्या शेपटीसारखा झुबका होऊन खाली उतरतात. त्या आडव्या काढल्या की नावं चुकणारच. पाठीतून पाणी काढताना सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घालतात ती याचसाठी. तिथे रज्जू नसतो.

जुनाखेळाडू: मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या रिपोर्टमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात पाचवी नस दबलीय, पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. पण त्या फटीतून तर चौथी बाहेर पडते ना?

विच्छेदनकक्ष: बरोबर, चौथीच. पण ती गादीच्या वरच्या अंगाने आधीच निसटलेली असते. गादी बहुतेक वेळा मागे आणि जरा बाजूला फुगते, तिथून खाली जाणारी पाचवी तिच्या तडाख्यात सापडते. पाऊल उचलताना जोर कमी पडत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, गुदद्वाराभोवती बधिरता असेल, तर इथे उत्तरांची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

स्वस्थचित्त: पाठीसाठीही श्वास उत्तम.

नीलपंख: रज्जू पुन्हा काढतो. शेवटचं: प्रत्येक नसेची रज्जूपाशी दोन मुळं दिसतात, मागचं आणि पुढचं. दोन्ही दाखवायची?

शरीरवेडी: हो, दोन्ही. मागच्यातून संवेदना आत येतात, पुढच्यातून स्नायूंना हुकूम बाहेर जातो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ माजेंदीने १८२२ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. गाठ फक्त मागच्या मुळावर काढा, संवेदनेच्या पेशी तिथे असतात. मग दोन्ही मुळं जोडून एक नस करा आणि ती फटीतून बाहेर न्या.