अण्णांच्या खालच्या कवळीला काय बसवावं: बॉल, लोकेटर, बार की चुंबक?

इस्लामपूरची लेक
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ७४ वर्षांचे. वरची कवळी व्यवस्थित बसते, खालची मात्र बोलतानाही उचलते. भाकरी सुटली, आता सगळं दुधात कुस्करून चाललंय. डॉक्टरांनी खाली सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) सुचवलेत. त्यावर कवळी कशाने अडकवायची, यावर घरात वाद आहे. भाऊ म्हणतो, सगळ्यात घट्ट असेल तेच घ्या, पुन्हा पुन्हा खर्च नको. पण अण्णांना संधिवात आहे, बोटं वाकलीत, सदऱ्याची बटणंसुद्धा आई लावून देते. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गोदाकाठ
माझी बॉलवाली आहे. इम्प्लांटवर छोटे गोळे आणि कवळीच्या आत त्यांच्या टोप्या, टोपीत रबराची रिंग. भाकरी, शेंगदाणे सगळं खातो. रिंग झिजली की कवळी हलायला लागते, मग दवाखान्यात जाऊन बदलून आणतो. बसल्या बैठकीचं काम आहे. गोळ्याभोवती ब्रश मात्र नेमाने फिरवावा लागतो, नाहीतर हिरडी सुजते.

कवळीवाल्या डॉक्टर, सातारा
ताई, माझं रोजचं काम हेच आहे म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक: दोन इम्प्लांटचा सल्ला योग्य आहे. दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट झिजतं, वर जीभ कवळीला सतत ढकलत असते. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असं मत दिलं होतं.

आता भावाचा मुद्दा. कवळी रोज काढून धुवायची असते, रात्री तर काढूनच ठेवायची. ती काढणारे हात अण्णांचे आहेत. म्हणून घट्टपणाच्या आधी हात बघायचे. माझ्याकडे मॉडेलवर बसवलेली एक नमुना-कवळी आहे. पेशंटच्या हातात देते आणि म्हणते, काढून दाखवा. संधिवाताचे पेशंट अंगठा कडेखाली घालतात, पण जोरच लागत नाही. काही जण मग चमच्याचं टोक घालून उचकटायला बघतात. घरी असं झालं तर कवळी तुटते किंवा हिरडी फाटते. तुमच्या डॉक्टरांना अशी चाचणी घ्यायला जरूर सांगा.

अण्णांसाठी माझी पहिली पसंती लोकेटर. टिचबटणासारखं बसतं. आतली नायलॉनची चकती रंगाप्रमाणे कमी-जास्त घट्ट मिळते: निळी साधारण दीड पौंड ओढीला सुटते, गुलाबी तीन, पारदर्शक पाच, आणि हे प्रत्येक इम्प्लांटमागे. अण्णांना निळीपासून सुरुवात करा. पुरली नाही तर गुलाबी लावता येते, त्यासाठी कवळी नवी करावी लागत नाही. कवळीच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या कडेला, बोट अडकेल अशी खाच करून द्या म्हणावं. एवढ्या साध्या गोष्टीने फार फरक पडतो. लोकेटरच्या मधल्या खड्ड्यात अन्न साठतं. ते ब्रशने काढलं नाही तर कवळी पूर्ण खाली बसत नाही आणि चकती लवकर जाते.

दुसरं बघायचं ते जागेचं. इम्प्लांटच्या तोंडापासून दाताच्या टोकापर्यंत लोकेटरला साधारण साडेआठ मि.मी. पुरतात, बॉलला १० ते १२, बारला १३-१४ लागतात. जागा कमी असताना मोठी वस्तू कोंबली की तिच्यावरचं ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, पातळ होतं आणि कवळी तिथेच तडकते.

बार, म्हणजे दोन्ही इम्प्लांट जोडणारी दांडी, मी अण्णांना सुचवणार नाही. पकड उत्तम असते, पण दांडीखाली रोज छोटा ब्रश किंवा जाड फ्लॉस घालून साफ करावं लागतं. वाकड्या बोटांना ते कसं जमणार? साफ झालं नाही की दांडीखाली हिरडी वाढते.

चुंबकाची पकड सगळ्यात कमी, आडवं सरकणंही पूर्ण थांबत नाही. पण कवळी जवळ नेली की आपोआप जागेवर बसते आणि काढायला जोर लागत नाही. निळ्या चकतीची कवळीही अण्णांना निघत नसेल, तर मी बिनधास्त चुंबक देईन. त्याचं आवरण झिजलं की लाळेने तो गंजतो, मग बदलावा लागतो.

इस्लामपूरची लेक
खूप आभार, डॉक्टर. नमुना-कवळीचं उद्याच विचारते. दोन शंका आहेत. हाडामुळे एक इम्प्लांट तिरका बसेल म्हणाले, मग लोकेटर चालेल का? आणि अण्णांचा मेंदूचा एमआरआय पुन्हा करायचाय.

कवळीवाल्या डॉक्टर, सातारा
दोन इम्प्लांटमधला कोन २० अंशांपर्यंत असेल तर नेहमीची चकती चालते. त्यापुढे ४० पर्यंत वेगळ्या चकत्या मिळतात. त्यातली लाल सौम्य असते. तिरकेपणाने चकती लवकर झिजते, तेवढं गृहीत धरा.

टायटॅनियमच्या इम्प्लांटने एमआरआयला अडचण येत नाही, कवळी फक्त बाहेर काढून ठेवायची. चुंबकाचं वेगळं: कवळी काढली तरी इम्प्लांटवर लोखंडी चकती उरते आणि आसपासचं चित्र बिघडवते. ती आधी स्क्रू काढून उतरवता येते, पण एमआरआयवाल्यांना सांगायला हवं. एमआरआय पुन्हा पुन्हा होणार असतील तर चुंबक टाळा.

इम्प्लांटची कंपनी, व्यास आणि लोकेटरची उंची लिहिलेलं कार्ड किंवा पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या आणि अण्णांच्या फायलीत लावा. पुढे चकती बदलताना दुसऱ्या गावचा डॉक्टर पहिलं तेच विचारेल.

इस्लामपूरची लेक
भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तोही निळ्या चकतीला तयार झालाय.