मदत हवी आहे: दूध संकलनाची टेक्स्ट फाइल एडीओमधून वाचताना सभासद क्रमांक आणि तारखा बिघडतात

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या दूध संस्थेचा बिलाचा प्रोग्राम ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आणि व्हीबीएमध्ये (त्यातली प्रोग्रामिंगची भाषा) आहे. संकलन केंद्रावरचं मशीन रोज एक साधी टेक्स्ट फाइल देतं. हेडिंगची ओळ नसते आणि रकाने उभ्या रेघेने वेगळे केलेले असतात. एक ओळ अशी:

०५/०३/२०२४|स|००४७|गाय|६.४|३.८|८.५

म्हणजे तारीख, सकाळ-संध्याकाळ, सभासद क्रमांक, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). शेवटी सभासदाचं मराठी नाव असतं, ते इथे काढलंय.

ओळी एकेक वाचून तोडता येतात, ते माहीत आहे. पण मला ही फाइल थेट टेबलासारखी उघडून ॲक्सेसमधल्या दरपत्रकाशी जॉइन करायची आहे, म्हणून एडीओ (कोडमधून डेटा उघडण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरतोय. प्रोव्हायडर (डेटा वाचून देणारा ड्रायव्हर) जेट ४.०, डेटा सोर्समध्ये फोल्डरचा पत्ता, एक्स्टेंडेड प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट, एचडीआर नो (हेडिंगची ओळ नाही) आणि एफएमटी (फॉरमॅट) डिलिमिटेड, कंसात उभी रेघ.

कनेक्शन उघडतं, पण अख्खी ओळ एकाच रकान्यात येते. प्रयोग म्हणून उभ्या रेघांच्या जागी स्वल्पविराम टाकले, तेव्हा रकाने सुटे झाले. पण ००४७ चा ४७ झाला आणि शेजारच्या वाडीच्या केंद्राचे 'ब१२' सारखे क्रमांक चक्क रिकामे आले. नावांच्या जागी कचरा. सगळ्यात वाईट तारखा: मार्चच्या पहिल्या दहा दिवसांच्या बिलात फक्त ३ तारखेचं दूध दिसतं!

बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि त्यावर लोकांचं घर चालतं. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलेलं मला अजिबात चालणार नाही. हे नीट कुठे सेट करायचं?

प्रतिसाद

कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दिलेलं विभाजक चिन्ह जेट बघतच नाही. ते एकतर रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) घेतं, नाहीतर स्कीमा डॉट आयएनआय नावाच्या, डेटा फाइलची रचना सांगणाऱ्या फाइलमधून. रजिस्ट्रीला हात लावू नका, तो बदल त्या मशीनवरच्या सगळ्या प्रोग्रामना लागतो. डेटाच्याच फोल्डरमध्ये स्कीमा फाइल ठेवा.

त्यात पहिल्या ओळीत चौकटी कंसात डेटा फाइलचं पूर्ण नाव. खाली फॉरमॅट = डिलिमिटेड, कंसात उभी रेघ. कॉल-नेम-हेडर = फॉल्स. नावांसाठी कॅरेक्टर-सेट = ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही साठवणारी पद्धत). तारखेसाठी डेट-टाइम-फॉरमॅट = डीडी/एमएम/वायवायवायवाय. मग कॉल१, कॉल२ असे सगळे रकाने नाव आणि प्रकारासह लिहा. सभासद क्रमांक टेक्स्ट, लिटर-फॅट-एसएनएफ डबल.

प्रकार दिला नाही तर ड्रायव्हर सुरुवातीच्या ओळी बघून अंदाज बांधतो; मूळ सेटिंग २५ ओळींचं असतं. तुमच्या फाइलमध्ये आधी नुसते आकडे दिसले, म्हणून त्याने रकाना अंकांचा ठरवला. मग पुढचे शून्य गेले आणि त्यात न बसणारा 'ब१२' रिकामा झाला. तारखेचंही तसंच. विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीची असणार. ०५/०३ म्हणजे त्याला ३ मे. ०३/०३ तेवढी दोन्हीकडून सारखीच, म्हणून ती वाचली. १३ पासून पुढे महिना असूच शकत नाही, तिथे तो गुपचूप उलटं वाचतो. त्यामुळे दुसऱ्या दहा दिवसांच्या बिलात ११ आणि १२ गायब असतील, तपासून बघा.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार. ११ आणि १२ खरंच गायब आहेत! स्कीमा फाइल ठेवल्यावर एका दिवसाची फाइल बिनचूक आली: ००४७ आहे तसा, 'ब१२' पण आला, नावं मराठीत. पण फाइलच्या नावात तारीख असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं एका रकान्यात. चौकटी कंसात नावाच्या जागी तारा (*, म्हणजे कोणतंही नाव) टाकून बघितला, चालत नाही.

प्रतिसाद

नाही चालणार, स्कीमा फाइलमध्ये प्रत्येक फाइलनावाचा वेगळा भाग लागतो. सोपा मार्ग म्हणजे वाचण्याआधी कोडमधूनच त्या दिवसाची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये एका ठरावीक रोमन नावाने कॉपी करा आणि स्कीमात तेच नाव ठेवा. मशीन मूळ फाइलमध्ये लिहीत असताना तुमचा प्रोग्राम तिला धरून बसत नाही, हा आणखी एक फायदा. क्वेरीत फाइलनावातल्या टिंबाच्या जागी हॅश चिन्ह लिहिलं तरी चालतं; ॲक्सेसच्या टेबलाशी जॉइन करताना तसंच लिहा.

आणि स्कीमा फाइल नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' म्हणून सेव्ह करू नका. सुरुवातीच्या अदृश्य खुणेमुळे पहिला भाग वाचला जात नाही आणि एररही येत नाही. सेव्ह करताना एएनएसआय (विंडोजची जुनी साधी पद्धत) निवडा, रकान्यांची नावं रोमनमध्ये द्या.

दुसरा प्रतिसाद

ऑफिस ६४-बिटचं घेतलंत तर जेट ४.० मिळणार नाही, ते फक्त ३२-बिट आहे. तिथे जेटच्या जागी एसीई हा नंतरचा प्रोव्हायडर टाका. स्कीमा फाइल तीच चालते.

मूळ प्रश्नकर्ता

कॉपीची युक्ती लागू पडली, दहाही दिवस बिलात आले. आता एकच: केंद्रावर फॅट चुकीची नोंदली गेली तर याच कनेक्शनवर अपडेट क्वेरीने दुरुस्त करता येईल का?

प्रतिसाद

नाही. टेक्स्ट फाइलवर नवी ओळ जोडता येते, अपडेट आणि डिलीट चालत नाही. आधी ओळी ॲक्सेसच्या टेबलात घ्या आणि दुरुस्ती तिथे करा. मशीनची मूळ फाइल आहे तशी जपून ठेवा. उद्या सभासद पावती घेऊन आला तर तीच दाखवता येईल.