पेरुजात आईला चालवेल का?

लालबागची_लेक: शिकायला इटलीत, पेरुजाला आहे. मेमध्ये आई येतेय. गुडघे कुरकुरतात, पण दादरचा पूल रोज चढते. हे डोंगरावरचं गाव तिला पायी कसं दाखवू?

माजी_पेरुजाकर, मुलुंड: पार्तिज्यानी चौकातून सरकते जिने घ्या, फुकट आहेत. ते रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून वर नेतात. पोप पॉल तिसऱ्याने १५४० नंतर लोकांच्या घरांवरच हा किल्ला चढवला. त्या गाडलेल्या गल्ल्या, दारं, चुली पेटत असतील अशा खोल्या वाटेत लागतात. जुन्या जलवाहिनीवरची पायवाट मात्र उतरतानाच. दोन्ही बाजूंना घरं, दाराशी छोटे पूल!

ठाण्याची_काकू: अगं, चपला नकोत हं तिला. पावसात तिथले दगड शेवाळल्यासारखे सटकतात.

लालबागची_लेक: काकू, ती ऐकणार थोडीच!