मागल्या वर्षीचा विजेता संघ नववा आला, तर खेळाडूने कारण काय सांगावे?

मैदानमास्तर (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. माझा भाचा नोकरीनिमित्त मेलबर्नला असल्यामुळे तिकडचे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे सामने मोबाइलवर पाहण्याची सवय मला लागली आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: लंबगोल मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा गडी असतात, चेंडू मधल्या दोन खांबांमधून लाथाडला तर सहा गुण आणि बाजूच्या खांबाकडून गेला तर एकच गुण मिळतो.

माझा प्रश्न कॉलिंगवूड या संघाविषयी आहे. या संघाने 2023 साली विजेतेपद मिळवले आणि 2024 साली तोच संघ नवव्या क्रमांकावर राहिला, म्हणजे पहिल्या आठांच्या बाद फेरीतही पोचला नाही. असा हंगाम संपला की तिकडचे खेळाडू मुलाखतीत जे सांगतात ते मी भाच्याकडून समजून घेतो. दुखापती झाल्या, सातत्य राहिले नाही, मोक्याच्या क्षणी कमी पडलो, हीच तीन वाक्ये फिरून फिरून येतात. यातले कारण कोणते आणि सबब कोणती, हे कसे ओळखावे?

विचारण्यामागे स्वार्थ आहे. मी गावच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस आहे. गेल्या वर्षी परिसरातल्या चार स्पर्धा जिंकणारा आमचा संघ यंदा एकही जिंकू शकला नाही, आणि येत्या रविवारी मारुतीच्या पारावर बैठक असून तिथे कर्णधाराला उभे करून जाब विचारायचा, असे वर्गणीदारांचे म्हणणे आहे. पोरगा गुडघ्याला पट्टी बांधून फिरतो आहे. त्याने काय बोलावे, हे मलाच सुचत नाही.

वर्धेचा, सध्या मेलबर्न

मास्तर, तुम्ही 2024 पासून सुरुवात केली, पण उत्तर 2023 मध्ये आहे. त्या वर्षीच्या बाद फेरीत कॉलिंगवूडने मेलबर्न संघाला 7 गुणांनी, ग्रेटर वेस्टर्न सिडनीला 1 गुणाने आणि अंतिम सामन्यात ब्रिस्बेनला 4 गुणांनी हरवले. तिन्ही फरकांची बेरीज 12 होते, म्हणजे अवघे दोन गोल. त्याच्या आदल्या वर्षी, 2022 साली, हाच संघ सिडनीकडून 1 गुणाने हरून अंतिम सामन्याला मुकला होता. काठावरचे सामने एखाद्या वर्षी आपल्याकडे झुकतात आणि एखाद्या वर्षी झुकत नाहीत, हे जिंकताना कोणी बोलून दाखवत नाही.

2024 च्या हंगामात त्यांनी पहिले तीनही सामने गमावले आणि पुढे दोन सामने बरोबरीत सोडले. विजयाला चार आणि बरोबरीला दोन गुण असतात. शेवटी आठव्या क्रमांकावरच्या कार्लटनचे 52 आणि यांचेही 52 गुण झाले, आणि केवळ टक्केवारीवर, म्हणजे केलेले गुण भागिले खाल्लेले गुण या हिशेबावर, हे बाहेर राहिले. तेव्हा ‘मोक्याच्या क्षणी कमी पडलो’ हे वाक्य गुळगुळीत झालेले असले तरी या संघाच्या बाबतीत ते खोटे नव्हते.

आणखी एक गोष्ट तिकडचा खेळाडू सहसा बोलत नाही, कारण बोलला तर रडगाणे वाटते. या स्पर्धेची घडणच अशी आहे की वर गेलेल्याला खाली ओढावे. अठरा संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला 23 सामने येतात. म्हणजे सतरा प्रतिस्पर्ध्यांपैकी सहांशी दोनदा गाठ पडते, आणि आदल्या वर्षी जो वर होता त्याच्या वाट्याला दुसऱ्यांदा तगडेच संघ जास्त येतील अशी आखणी असते. नव्या पोरांच्या निवडीत तळाच्या संघाला पहिला मान मिळतो, विजेत्याला शेवटचा. त्यावर पगाराच्या रकमेला मर्यादा आहेच.

दुखापतीचेही सांगतो. त्यांचा बचावपटू नेथन मर्फी 2023 च्या अंतिम सामन्यात डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि एप्रिल 2024 मध्ये त्याला खेळच सोडावा लागला. याला सबब कसे म्हणणार?

जुना पकडपटू (वणी)

वर्धेकरांनी लिहिलेले वाचून माहितीत भर पडली, पण सगळा दोष नशिबावर आणि वेळापत्रकावर टाकण्याची वाट यातून मोकळी होते, हे मला पटले नाही. वेस्ट कोस्ट हा 2018 चा विजेता संघ 2023 साली सिडनीकडून एकाच सामन्यात 171 गुणांनी हरला. तिथे काय काठावरचे होते?

तीस वर्षे पोरांना कबड्डी शिकवताना मी एक कसोटी ठेवली आहे. हरलेल्या गड्याने सांगितलेल्या कारणात मिनिट, जागा आणि माणूस यांपैकी एकही गोष्ट नसेल तर मी ते ऐकून सोडून देतो. ‘आम्ही कमी पडलो’ यात काहीच नाही. ‘उजव्या कोपऱ्यातला गडी बाद झाला की आमची साखळी तुटत होती आणि लोण चढत होता’ यात सरावाचा पुढचा आठवडा आहे. खेळाडूला जे मैदानावर दिसले तेवढेच त्याने सांगावे. संघनिवड चुकली का, सराव उशिरा सुरू झाला का, मॅटची सवय नसताना मॅटवरच्या स्पर्धा का घेतल्या, याचा जाब मंडळाने स्वतःला विचारावा. चिटणीस साहेब, हे वाक्य तुमच्यासाठीही आहे, राग मानू नका.

कपाशीवाला (राळेगाव)

मला त्या फुटबॉलमधले फारसे कळत नाही, पण वर्धेकर म्हणतात की कारण आदल्या वर्षात असते, ते आम्हा शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. 2017 साली आमच्या जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी नासवली तेव्हा सगळ्यांनी त्या वर्षाच्या बियाण्याला आणि हवेला बोल लावला. त्यात तथ्यही होते. पण आदल्या हंगामात चार वेचे जास्त मिळावेत म्हणून आम्ही फरदड ठेवली होती, म्हणजे हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटली नव्हती, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत आसरा आम्हीच दिला होता, हे पारावर कोणी बोलले नाही.

वर्धेकर भाऊ, त्या संघात गेल्या वर्षीचेच जुने गडी पुन्हा उतरवले होते काय?

वर्धेचा, सध्या मेलबर्न

काका, अगदी नेमके विचारले. स्कॉट पेंडलबरी त्या हंगामात 36 वर्षांचा होता आणि स्टील साइडबॉटम 33 वर्षांचा. पेंडलबरीने त्याच वर्षी आपला 400 वा सामना खेळला, आणि तो अजूनही चांगलाच खेळत होता. पण ज्यांनी करंडक आणला त्यांना बाजूला कसे ठेवायचे, हा पेच कुठल्याही विजेत्या संघापुढे असतो. तुमची फरदडच म्हणा.

पकडपटू सरांना एवढेच सांगतो की उलट उदाहरणही आहे. रिचमंड संघ 2016 साली तेरावा आला, शेवटचा सामना 113 गुणांनी हरला आणि प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांना काढा अशी ओरड झाली. क्लबने त्यांना ठेवले. पुढच्याच वर्षी रिचमंडने 37 वर्षांनी विजेतेपद मिळवले.

मैदानमास्तर (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांचे आभार. पकडपटू सरांचा राग मानला नाही. उलट काल रात्री गुणलेखनाची वही काढून बसलो. गुण मिळाला की चालू गुणांच्या आकड्यावर जी तिरपी रेघ मारतात, त्या रेघा एकेक करून मोजल्या. यंदा हरलेल्या सहा सामन्यांपैकी चार सामन्यांत पस्तिसाव्या मिनिटाला आम्ही पुढे किंवा बरोबरीत होतो. त्या चार सामन्यांच्या शेवटच्या पाच मिनिटांत कर्णधाराने अकरा चढाया केल्या, त्यांत दोन गुण आणले आणि पाच वेळा तो पकडला गेला. दुखरा गुडघा घेऊन तो चढाईला जात होता, आणि राखीव चढाईपटू बाकावर बसून होता.

राखीव गड्याला उतरवायचे नाही, हे कर्णधाराने ठरवले नव्हते. गेल्या वर्षीची जोडी मोडायची नाही असा निर्णय डिसेंबरच्या बैठकीत झाला होता, आणि इतिवृत्ताखाली सही माझी आहे. रविवारी कर्णधाराच्या आधी मीच उभा राहणार आहे आणि ती वही सोबत नेणार आहे.