मदत हवी आहे: सक्युलेंटची (जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाची) पाने हात लावताच गळतात

रानजाई: आठवड्यातून एकदाच पाणी घालते, तेही मोजून, तरी खालची पाने पिवळी पडून नुसत्या धक्क्याने गळतायत. कालपासून चार गेली. खत घालू का? लवकर सांगा, हे झाड मला घालवायचं नाहीये.

मातीवाला: कुठलं झाड? कुंडीला भोक आहे का? ऊन किती? फोटो टाका. खत अजिबात नको.

अंगणवेल: पाणी कमी पडतंय. माझीही अशीच गळायची. एक दिवसाआड पाणी सुरू केलं आणि सुधारली.

मातीवाला: अंगणवेल, तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं आणि झाडावरच वाळतं. पिवळं, पाणी भरल्यासारखं होऊन गळतं ते जास्त पाण्याने. रानजाई, गळलेलं पान चिमटीत दाबा. पिचकतंय?

रानजाई: हो, लगेच. एचेवेरिया आहे. टेबलावर असते, खोलीत भरपूर उजेड आहे.

निवडुंगवेडा: कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर द्या, निचरा होतो.

मातीवाला: नाही होत. मातीतलं पाणी खड्यांच्या थरावर अडतं आणि ओली माती उलट मुळांच्या जवळ येते. सगळं मिश्रणच भरभरीत हवं, निम्मी तरी जाड वाळू किंवा पेरलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे).

निवडुंगवेडा: कित्येक वर्षं खडे घालतोय, एकही झाड गेलं नाही.

मातीवाला: तुमच्या मातीत वाळू किती?

निवडुंगवेडा: दोन तृतीयांश.

मातीवाला: मग झाडं त्या वाळूमुळे तगलीत.

काटेसावर: इथेच विचारते, माझ्या लाल गोळ्याच्या निवडुंगाला कडक ऊन चालेल का?

निवडुंगवेडा: नको. तो लाल भाग जिम्नोकॅलिशियम नावाच्या निवडुंगाचा, त्यात हरितद्रव्यच नसतं. खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेलं असतं, तेच त्याला पोसतं. सकाळचं कोवळं ऊन द्या.

मातीवाला: काटेसावर, वेगळा धागा काढा ना. रानजाई, भोकाचं राहिलंच.

रानजाई: कुंडीला भोकं आहेत, पण ती चिनी मातीच्या भांड्यात ठेवलीये. आत्ता उचलून बघितलं, तळाला दोन बोटं पाणी! हे लिहायचं सुचलंच नाही.

मातीवाला: तेच कारण. मुळांना हवा मिळत नाही, मग ती कुजतात. झाड उपटून माती झाडा. खोड काळं असेल तर स्वच्छ सुरीने काळ्या भागाच्या वर कापत जा, आतला भाग डागाविना फिकट दिसेपर्यंत. मग शेंडा सावलीत चार-पाच दिवस सुकवा. काप कोरडा झाल्याशिवाय लावू नका. आणि टेबल खिडकीपासून किती लांब? दोन पानांमधलं अंतर वाढत असेल तर उजेड कमी पडतोय.

अंगणवेल: माझा सल्ला मागे घेते. माझ्या कुंड्या गच्चीवर दिवसभर उन्हात तापतात, दुसऱ्या दिवशी माती कोरडीठाक. पण रानजाई, एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजतात. हळूहळू वाढवा.

रानजाई: तीनदा कापलं तेव्हा स्वच्छ भाग लागला. शेंडा चांगला आहे, कागदावर ठेवलाय. वरची तीन घट्ट पानं कापताना सुटली, तीही टाकून द्यायची?

मातीवाला: मुळीच नाही! देठाकडचं टोक शाबूत असेल तर कोरड्या मातीवर नुसती ठेवा. मुळं फुटली की पाण्याचा हलका फवारा. एचेवेरिया पानापासून येते.

रानजाई: दोन शाबूत आहेत. ठेवली.