सिस्टीम बंद पडली की मॅनेजरचं ऐकायचं की त्यांना थांबवायचं?

रात्रपाळी:
गेल्या आठवड्यातला प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. सकाळी साडेदहाला आमचं अॅप्लिकेशन अडकलं. लॉगिनचं पान नुसतं फिरत राहायचं. डेटाबेसची सगळी कनेक्शन्स भरलेली दिसत होती, म्हणजे कोडमधलं काहीतरी ती घेऊन बसलं होतं आणि सोडत नव्हतं. नक्की काय, ते कळायला थ्रेड डम्प, म्हणजे त्या क्षणी कोडचा कोणता भाग काय करतोय याची नोंद, घ्यायचा होता. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "किती वेळ लागेल?" म्हटलं, "सर, कारण कळल्याशिवाय सांगता येणार नाही." तीन मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मग कॉलवर आणखी सहा जणांना घेतलं आणि त्या प्रत्येकाला पहिल्यापासून काय झालं ते मीच सांगत बसलो. शेवटी हुकूम सुटला: "आधी रीस्टार्ट मार, बाकीचं नंतर बघू."

मारला. सगळं सुरू झालं आणि पुरावा पुसला गेला. पन्नास मिनिटांनी पुन्हा तेच, पुन्हा रीस्टार्ट. तिसऱ्यांदा अडकलं तेव्हा मॅनेजर दुसऱ्या मीटिंगमध्ये होते, म्हणून डम्प घेता आला. एका रिपोर्टच्या कोडमध्ये एरर आली की कनेक्शन परत केलंच जात नव्हतं. चार ओळींची दुरुस्ती. संध्याकाळच्या मेलमध्ये मात्र वरच्यांना कळवलं गेलं, "टीमकडून विलंब झाला."

माझं मत सरळ आहे. बिघाड चालू असताना तांत्रिक निर्णय ज्याचे हात कीबोर्डवर आहेत त्याचाच असला पाहिजे. मॅनेजरने आडवं येऊ नये. तुमचं काय म्हणणं?

मधली फळी:
मी बारा वर्षं कोड लिहिला, आता सहा वर्षं टीम सांभाळतोय, त्यामुळे दोन्ही बाजू भोगल्या आहेत. तुमच्या मॅनेजरांचा संध्याकाळचा मेल चुकीचाच, त्याची पाठराखण करणार नाही. पण रीस्टार्टच्या बाबतीत ते बरोबर होते.

लॉगिन होत नव्हतं तेवढा वेळ बाहेर माणसं खोळंबली होती. त्यांना थ्रेड डम्पशी काय देणंघेणं? आधी सेवा सुरू करा, मग कारण शोधा, हा नियम मॅनेजर लोकांनी मनानं काढलेला नाही. जिथे जिथे ऑन-कॉलची, म्हणजे बिघाडासाठी पाळीनं तयार राहण्याची, शिस्त आहे तिथे तो पाळला जातो. आणि "किती वेळ लागेल" हा प्रश्न छळायला विचारत नाहीत हो. त्याच क्षणी माझ्या फोनवर तिघे जण मला हेच विचारत असतात. "सांगता येणार नाही" हे उत्तर घेऊन मी वर गेलो, तर वरचा माणूस गप्प बसत नाही, तो थेट तुमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो.

रात्रपाळी:
मग काय आकडा ठोकून द्यायचा? "अर्धा तास" म्हटलं आणि पाऊण तास लागला, तर तोच अर्धा तास अप्रेझलमध्ये पुढ्यात येतो. हे माझ्याबरोबर झालेलं आहे. आणि सहा माणसं जमवण्याचं काय? फ्रेड ब्रुक्स या कम्प्युटर इंजिनिअरने 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर वाढतो.

मधली फळी:
ते महिनोन् महिने चालणाऱ्या प्रकल्पांबद्दल होतं. बिघाडाच्या वेळी डेटाबेसवाला आणि नेटवर्कवाला कॉलवर हवाच. चूक माणसं जमवण्यात नव्हती, त्यांना माहिती देण्याचं काम तुमच्यावर टाकलं तिथे होती. ते काम मॅनेजरने स्वतः करायचं असतं.

जुनाजाणता:
दोघांनाही सांगतो, रीस्टार्ट की पुरावा हा वादच बऱ्याचदा टाळता येतो. चार सर्व्हर असतील तर एक लोड बॅलन्सरमधून (सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारी यंत्रणा) बाहेर काढायचा आणि तो अडकलेल्या अवस्थेत तसाच ठेवायचा. उरलेले तीन रीस्टार्ट करायचे. लोकांचं काम सुरू, मॅनेजर शांत, आणि बाहेर काढलेल्या सर्व्हरवर तुम्ही निवांत डम्प घ्या. एकच सर्व्हर असेल तर डम्पची कमांड आधीच स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा, म्हणजे रीस्टार्टच्या आधी ती आपोआप चालेल. हे शांत दिवशी करून ठेवायचं काम आहे. आग लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही.

वेळेबद्दलही तेच. दुरुस्तीची वेळ सांगू नका, पुढच्या निरोपाची वेळ सांगा. "सर, कनेक्शन्स भरली आहेत, कारण शोधतोय, पुढची माहिती अकरा दहाला देतो." आणि अकरा दहाला द्याच, काही सापडलेलं नसलं तरी. माझ्या अनुभवात खुर्चीमागे उभी राहणारी निम्मी माणसं एवढ्यानं जागेवर जाऊन बसतात.

उरलेल्या निम्म्यांचं मात्र वेगळं. नासाच्या चॅलेंजर अंतराळयानाचं उदाहरण घ्या. 27 जानेवारी 1986 च्या संध्याकाळी यानाला वर ढकलणारे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत बूस्टरच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको. त्यांच्याच एका वरिष्ठाने तांत्रिक प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शिफारस फिरली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांनी यान फुटलं, आतले सातही जण गेले.

मधली फळी:
लॉगिनच्या पानाची तुलना चॅलेंजरशी करू नका. अशानं प्रत्येक मॅनेजर खुनी ठरेल.

जुनाजाणता:
तुलना परिणामांची नाही, प्रश्नाच्या जातीची आहे. "कधी सुरू होईल" हे विचारणं मॅनेजरचा हक्क आहे. "धोका नाही असं लिहून दे" हे सांगणं हक्क नाही. रात्रपाळी, तुमच्या मॅनेजरांनी सकाळी पहिलं केलं, ते सहन करा. संध्याकाळच्या मेलमध्ये दुसऱ्या प्रकाराच्या, म्हणजे खरं नाही ते लिहिण्याच्या, जवळपास गेले. तिथे अडायला हवं होतं, तुम्ही रीस्टार्टवर अडलात.

नवखी:
तुम्ही सगळे अनुभवी आहात म्हणून हे बोलू शकता. मला नोकरीला लागून चौदा महिने झालेत. मागे एका बिघाडात मला माहीत होतं की सांगितलेली कमांड चुकीच्या सर्व्हरवर चालणार आहे. मी बोललेसुद्धा. उत्तर आलं, "सांगितलंय तेवढं कर." केलं. नंतर चूक माझ्या नावावर गेली, कारण लॉगमध्ये नाव माझं होतं. हप्ते डोक्यावर असताना "अडायला हवं होतं" म्हणणं सोपं नसतं. मॅनेजरची भीती वाटते म्हणून आम्ही गप्प बसतो, आणि आम्ही गप्प बसतो म्हणून बिघाड मोठे होतात.

रात्रपाळी:
नवखी, हे वाचून वाईट वाटलं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला, बॅकअपही ऐन वेळी कामाला आले नाहीत. कंपनीने सगळा घटनाक्रम जाहीर केला, पण दोष त्या माणसावर ढकलला नाही. प्रश्न विचारला तो बॅकअप का चालले नाहीत हा. तुम्हाला मिळायला हवी होती ती ही वागणूक.

सर्व्हर बाहेर काढून ठेवण्याचं मला खरंच सुचलं नव्हतं, ते कालच लिहून ठेवलं. रीस्टार्टबद्दल मी थोडा मागे येतो. मेलबद्दल येणार नाही.

मधली फळी:
मेलबद्दल मागे येऊच नका. पण भांडू नका, घटनाक्रम पाठवा. 10:30 ला अडकलं, इतक्या वाजता डम्पसाठी दोन मिनिटं मागितली, इतक्या वाजता रीस्टार्टचा निर्णय झाला, पुन्हा कधी अडकलं, कारण कधी सापडलं. विशेषण एकही नको. आधी फक्त मॅनेजरांना पाठवा, दुरुस्तीची संधी द्या. नाही केली तर आरसीएच्या (बिघाडाचं मूळ कारण सांगणाऱ्या अहवालाच्या) कागदाला तोच घटनाक्रम जोडा. तो कागद तसाही वर जातोच.

नवखी, तुम्ही पुढच्या वेळी तोंडी बोलू नका, चॅटवर लिहा: "ही कमांड अमुक सर्व्हरवर चालेल, डेटा जाऊ शकतो, तरी चालवू का? हो म्हणालात की चालवते." मी मॅनेजर म्हणून सांगतो, असं लेखी समोर आलं की माणूस "हो" टाइप करण्याआधी थांबतो.

नवखी:
आणि फोनवरच "कर गं" म्हणाले तर?

मधली फळी:
तर चॅटवर टाका, "फोनवर बोलल्याप्रमाणे आता चालवतेय," आणि पूर्ण एक मिनिट थांबा. मग एंटर.