शेजाऱ्यांच्या बॉयलरचा धूर थेट आमच्या खिडकीत येतोय, काय करू?

लेस्टरकर: शेजाऱ्यांनी नवीन कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही देणारा) बसवलाय आणि त्याचा फ्लू, म्हणजे धूर बाहेर टाकणारा पाइप, बरोब्बर आमच्या किचनच्या खिडकीसमोर काढलाय, थंडीत सकाळी हीटिंग सुरू झालं की पांढरा लोट येतो, काच ओली होते, खिडकी उघडायची सोयच नाही. घरात तान्हं बाळ आहे, जीवाला घोर लागलाय. भांडायचं नाहीये पण गप्प तरी किती बसायचं?

सुमेधा_यूके: आधी कार्बन मोनॉक्साइडचा (वास न येणारा विषारी वायू) अलार्म लावा, आजच. तो लोट बहुतेक पाण्याची वाफच असते, कंडेन्सिंग बॉयलरचं (धुरातली उष्णताही वापरणारा) तसंच असतं, पण त्यात ज्वलनाचे वायूपण असतात, त्यामुळे "नुसती वाफ आहे हो" म्हणून कुणी उडवून लावलं तर ऐकून घेऊ नका.

पाना_पक्कड: फ्लूचं तोंड त्याच भिंतीतल्या उघडणाऱ्या खिडकीपासून किमान 300 मिमी आणि समोर हद्द असेल तर तिच्यापासून 600 मिमी हवं. अंतर बरोबर असूनही त्रास होतो, त्यासाठी प्लूम किट मिळतं, पाइप वर नेऊन तोंड दुसरीकडे वळवतात. गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणीवाल्याकडूनच करून घ्यायचं हं. आणि तुम्ही फ्लू झाकायला वगैरे अजिबात जाऊ नका, त्यांच्या जिवावर बेतेल.

लेस्टरकर: अर्धा खर्च मी देतो म्हणू का?

सुमेधा_यूके: म्हणा की. सकाळी लोट येत असतानाच चहाला बोलवा, त्यांना त्यांच्या बाजूने दिसतही नसेल. नाहीच ऐकलं तर कौन्सिलचं एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खातं आहे, तिथे तक्रार करा. अलार्म वाजला तर मात्र बाळाला घेऊन आधी बाहेर पडा आणि 0800 111 999 ला (गॅस आणीबाणीचा नंबर) फोन करा.